‘केमो लागणार नाही’ म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले असं नाही

गवतफूल | सोमवार, रात्री ९.४०

ताईच्या स्तनातल्या कर्करोगाच्या गाठीचा जनुकीय तपासणीचा रिपोर्ट आला आणि डॉक्टर म्हणाले, "केमो लागणार नाही, हार्मोनची गोळी पुरे." ताई घरी येऊन रडली. आनंदानं नाही. तिला वाटलं, आपलं काही खरं नाही म्हणून हे लोक आता केमोसुद्धा देत नाहीत. भाऊजी लगेच दुसऱ्या डॉक्टरांचा नंबर शोधायला लागले. मी गेली बारा वर्षं क्लिनिकल ट्रायल्सच्या, म्हणजे रुग्णांवर घेतलेल्या उपचारांच्या चाचण्यांच्या, आकडेवारीचं काम करते, तरी त्या रात्री मलाही झोप लागली नाही. पहाटे उठून, ज्या ट्रायलच्या आधारावर हा निर्णय झाला तिचा मूळ पेपर काढून बसले. कामासाठी तो पूर्वी वाचला होता. या वेळी बहिणीसाठी वाचला.

त्या ट्रायलचं नाव टेलर-एक्स. स्तनाचा कर्करोग, हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह (हार्मोनवर पोसला जाणारा), हर-टू निगेटिव्ह (हर-टू हे प्रथिन जास्त नसलेला), काखेतल्या ग्रंथींपर्यंत न पोचलेला, अशा दहा हजारांहून अधिक बायका तिच्यात होत्या. गाठीतली २१ जनुकं तपासून ० ते १०० मधला एक स्कोअर काढतात; तो जितका जास्त, तितकी आजार परत येण्याची शक्यता जास्त. ज्यांचा स्कोअर ११ ते २५ आला अशा ६,७११ जणींची विश्लेषणासाठी दोन गटांत तुलना झाली. कोण कुठल्या गटात हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं होतं. एका गटाला केमो आणि हार्मोनची गोळी, दुसऱ्याला नुसती गोळी. ९ वर्षांनी, आजार परत न येता आणि दुसरा कुठला कर्करोग न होता हयात असलेल्यांचं प्रमाण गोळीच्या गटात ८३.३ टक्के आणि केमोच्या गटात ८४.३ टक्के निघालं. एकूण हयात असलेल्यांचं प्रमाण ९३.९ आणि ९३.८. हे २०१८ साली प्रसिद्ध झालं.

ताईचा स्कोअर १४, वय ५८. म्हणजे तिच्यासारख्या बायकांना केमो देऊन पाहिली, न देता पाहिली, नऊ वर्षं वाट पाहिली आणि मग हे ठरलं. एक गोष्ट मात्र त्याच पेपरात आहे आणि ती गाळून चालणार नाही: पन्नाशीच्या आतल्या बायकांत, स्कोअर १६ ते २५ असेल तर केमोचा थोडा फायदा दिसला. ताई चाळीस वर्षांची असती आणि स्कोअर २२ असता, तर डॉक्टरांचं बोलणं वेगळं झालं असतं. मी ताईला हे दोन्ही सांगितलं. भाऊजींनी नंबर शोधणं थांबवलं, पण तिच्या डोळ्यातली शंका जायला आठवडा लागला.

तेव्हापासून मनात घोळतंय ते इथे लिहिते. कर्करोगावरच्या संशोधनाची बातमी म्हणजे नवं औषध, नवं यंत्र, असंच आपल्या डोक्यात बसलंय. पण गेल्या काही वर्षांत उपचारपद्धती बदलणारे कितीतरी अभ्यास ‘हे करायची गरज नाही’ असं सांगणारे आहेत. त्यांना मथळा मिळत नाही. पेशंटच्या घरी ती बातमी पोचते तेव्हा ती वाईट बातमीसारखी पोचते.

हे आजचं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकन सर्जन हालस्टेड यांनी स्तनासोबत छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली आणि जवळजवळ ऐंशी वर्षं ती बायकांच्या वाट्याला आली. त्याच देशातले सर्जन बर्नार्ड फिशर यांनी १९७०च्या दशकात ट्रायल्स सुरू केल्या. नुसती गाठ काढून रेडिएशन दिलं तरी पूर्ण स्तन काढल्याइतकंच आयुष्य मिळतं, हे २००२ साली २० वर्षांच्या पाठपुराव्यानंतर पुन्हा पक्कं झालं. त्याच वर्षी इटलीतल्या व्हेरोनेसी यांच्या अभ्यासानंही तेच सांगितलं.

तुमचे अनुभव, शंका लिहा. इथे कुणी डॉक्टर असतील तर माझं चुकतंय तिथे बिनधास्त दुरुस्त करा.

निशिगंध | सोमवार, रात्री १०.१५

वाचनखूण साठवली. माझ्या आईच्या काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढल्या होत्या. कर्करोग परत आला नाही, पण उजवा हात कायमचा सुजला. पुढची सतरा वर्षं तिनं त्या हातानं साधी बादली उचलली नाही. ब्लाउजची एक बाही नेहमी वेगळी शिवावी लागायची. आता तसं करत नाहीत असं ऐकते. मग तेव्हा ते चुकलं होतं का?

गवतफूल | सोमवार, रात्री ११.०५

चुकलं नव्हतं, निशिगंध. तेव्हा जे माहीत होतं त्याप्रमाणे ते बरोबर होतं. काखेतल्या पहिल्या एकदोन ग्रंथींत कर्करोग सापडला तर बाकीच्या सगळ्या काढायच्या, हा नियमच होता. झेड-००११ नावाच्या ट्रायलनं तो तपासला. गाठ लहान, स्तन वाचवणारी शस्त्रक्रिया, नंतर रेडिएशन, आणि एक किंवा दोनच ग्रंथी बाधित, अशा बायकांत १० वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण बाकीच्या ग्रंथी न काढलेल्या गटात ८६.३ टक्के आणि काढलेल्या गटात ८३.६ टक्के होतं.

आता त्याहून पुढे गेलंय. सोनोग्राफीत काख स्वच्छ दिसत असेल तर ती पहिली ग्रंथी तरी तपासायला काढायची का, हाच प्रश्न दोन ट्रायल्सनी विचारला. साउंड ट्रायल २०२३ साली आली. इन्सेमा २०२४ची, तिच्यात ५ वर्षांनी आजारमुक्त असलेल्यांचं प्रमाण न काढलेल्यांत ९१.९ आणि काढलेल्यांत ९१.७ टक्के. हाताची सूज न काढलेल्यांत १.८ टक्के, काढलेल्यांत ५.७ टक्के. तुमच्या आईंच्या सतरा वर्षांसाठी हा शेवटचा आकडाच सगळ्यात मोठा आहे.

शल्यकर्म | मंगळवार, सकाळी ७.२०

मी कर्करोगाचा सर्जन आहे. धागा आवडला, आकडे बरोबर आहेत. पण ‘कमी ते चांगलं’ असा अर्थ कुणी काढू नये म्हणून आमच्या क्षेत्रातली एक गोष्ट सांगतो. आम्हाला ती जड गेली.

गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कर्करोगात गर्भाशय काढताना पोट उघडण्याऐवजी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करायची, हे आम्ही पंधरावीस वर्षं आनंदानं करत होतो. रक्त कमी जातं, पेशंट लवकर घरी जाते, व्रण छोटा. आधीचे अभ्यास सगळे जुन्या फायली चाळून केलेले, आणि सगळे म्हणत होते की हरकत नाही. मग २०१८ साली एलएसीसी ट्रायल आली. ६३१ बायका, चिठ्ठी टाकून वाटणी. साडेचार वर्षांनी आजारमुक्त असलेल्यांचं प्रमाण पोट उघडून केलेल्यांत ९६.५ टक्के, दुर्बिणीतून केलेल्यांत ८६ टक्के. दुर्बिणीच्या गटात मृत्यूही जास्त. मी तो पेपर दोनदा वाचला. त्याआधी मी स्वतः कितीतरी बायकांना "दुर्बिणीतून करू, लवकर बऱ्या व्हाल" असं सांगितलं होतं. त्यांतल्या काहींचे चेहरे अजून डोळ्यांसमोर येतात. पुढच्या आठवड्यापासून पद्धत बदलली.

आणि आता त्याच अवयवाची दुसरी बाजू. २०२४ साली शेप ट्रायल आली. गाठ २ सेंटीमीटरपर्यंत, जोखीम कमी, अशा ७०० बायका. गर्भाशयाभोवतीचा भागही काढणारी मोठी शस्त्रक्रिया की साधी गर्भाशय काढण्याची? ३ वर्षांत ओटीपोटात आजार परतण्याचं प्रमाण मोठ्या शस्त्रक्रियेत २.१७ टक्के, साध्या शस्त्रक्रियेत २.५२ टक्के. लघवीचे त्रास साध्या शस्त्रक्रियेत कमी. म्हणजे एकाच अवयवात ‘छोटा छेद’ महागात पडला आणि ‘कमी काढणं’ चाललं. आधी अंदाज बांधून हे कुणालाही सांगता आलं नसतं.

वेधशाळा | मंगळवार, सकाळी ९.३०

डॉक्टरसाहेब, हे इतकं मोकळेपणानं लिहिलंत, मनापासून आभार.

गवतफूल, एक अडलंय. ‘फरक नाही’ हे सिद्ध कसं करतात? फरक सापडला नाही आणि फरक नाहीच, या दोन वेगळ्या गोष्टी ना?

गवतफूल | मंगळवार, दुपारी १.५०

अगदी नेमकं बोट ठेवलंत. माझं अर्धं आयुष्य याच प्रश्नात जातं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘फरक शून्य आहे’ हे कुठल्याही अभ्यासाला सिद्ध करता येत नाही. म्हणून अशा ट्रायलमध्ये सुरुवातीलाच, एकही पेशंट घेण्याआधी, लिहून ठेवावं लागतं की कमी उपचारांनी निकाल किती बिघडला तर आम्ही तो मान्य करू. समजा, ५ टक्के. अभ्यास संपल्यावर आकडे आणि त्यांच्यातली अनिश्चितता धरूनही बिघाड त्या रेषेच्या आतच राहिला, तर म्हणायचं ‘कमी उपचार निकृष्ट नाही’. ही रेषा गणितातून येत नाही. ती माणसांनी बसून ठरवलेली असते, आणि मी अशा बैठकांत बसलेय. तिथे बहुतेक वेळा डॉक्टर असतात, आमच्यासारखे आकडेवाले असतात, आणि ज्याच्या शरीरावर तो फरक पडणार तो एखादाच असतो किंवा नसतोच. याबद्दल मी कामाच्या ठिकाणी भांडते आणि भांडत राहणार. ‘हात सुजू नये म्हणून तुम्ही किती जोखीम घ्याल?’ हे सर्जनला विचारून कसं चालेल?

प्रोस्टेटचं उदाहरण घ्या. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट ट्रायलमध्ये १,६४३ पुरुष होते. तीन गट: नुसती देखरेख, शस्त्रक्रिया, रेडिएशन. १५ वर्षांनी, २०२३ साली, प्रोस्टेटच्या कर्करोगानं झालेले मृत्यू अनुक्रमे ३.१, २.२ आणि २.९ टक्के होते. फरक नगण्य. पण त्याच पेपरात पुढची ओळ वाचा: आजार शरीरात इतरत्र पसरण्याचं प्रमाण देखरेखीच्या गटात ९.४ टक्के, शस्त्रक्रियेत ४.७ आणि रेडिएशनमध्ये ५. दुप्पट! दुसऱ्या पारड्यात शस्त्रक्रियेनंतर लघवीवर ताबा न राहणं, लैंगिक अडचणी. हे सगळं समोर मांडल्यावर एक माणूस देखरेख निवडेल, दुसरा शस्त्रक्रिया, आणि दोघांचंही बरोबर असेल.

मंदार_क | मंगळवार, सायंकाळी ६.१०

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात रक्ततपासणीवरून केमो ठरवण्याचं काय झालं? माझं ऑपरेशन झालंय, दुसरी स्टेज.

शल्यकर्म | मंगळवार, रात्री ९.००

मंदार, दुसऱ्या स्टेजसाठी डायनॅमिक ट्रायल आहे, २०२२ची. ऑपरेशननंतर रक्तात गाठीच्या डीएनएचे तुकडे उरलेत का ते बघायचं, उरले असतील तरच केमो. ४५५ रुग्ण. नेहमीच्या पद्धतीत २८ टक्के लोकांना केमो मिळाली, रक्ततपासणीच्या गटात १५ टक्क्यांना. २ वर्षांनी आजार न परतलेले ९२.४ आणि ९३.५ टक्के. केमो जवळजवळ निम्म्यानं कमी झाली, निकाल तोच.

तिसऱ्या स्टेजला हे जसंच्या तसं लावू नका. तिथे रक्त स्वच्छ आलं म्हणून केमो हलकी करणं निकृष्ट नाही, असं सिद्ध झालं नाही.

आणि एक, हे औषधाच्या चिठ्ठीवर लिहीत नाहीत म्हणून सांगतो. २०२५ साली चॅलेंज ट्रायल आली: आतड्याचा कर्करोग, ऑपरेशन आणि केमो पूर्ण झालेले ८८९ रुग्ण. अर्ध्यांना माहितीपुस्तिका, अर्ध्यांना ३ वर्षं प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली ठरवून व्यायाम. ८ वर्षांनी हयात असलेले ८३.२ विरुद्ध ९०.३ टक्के. हे एखाद्या गोळीनं केलं असतं तर आम्ही ती सगळ्यांना लिहून दिली असती. माझ्या रुग्णांना मी आता रोजचं चालणं तारखेसकट वहीत लिहायला लावतो.

परतीचा_पाऊस | मंगळवार, रात्री ११.४०

फार घाईत लिहितोय. बाबांना गुदाशयाचा कर्करोग निघालाय, वय ६६. येत्या सोमवारपासून रेडिएशन आणि केमो ठरलंय. व्हॉट्सअॅपवर एक बातमी फिरतेय की कुठल्याशा औषधानं १२ पैकी १२ रुग्ण बरे झाले, ना ऑपरेशन ना रेडिएशन. बाबांनीच ती मला पाठवली आणि खाली लिहिलं, "हे आपल्याला का नाही?" काय उत्तर देऊ?

गवतफूल | बुधवार, सकाळी ६.३०

बातमी खरी आहे. औषधाचं नाव डोस्टारलिमॅब, २०२२ सालचा अभ्यास, न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयातला. २०२५ साली त्यांनी गुदाशयाच्या ४९ रुग्णांचा अनुभव दिला, त्या सगळ्यांची गाठ दिसेनाशी झाली. असा निकाल मी माझ्या कामात पूर्वी कधी पाहिला नव्हता.

पण ते सगळे रुग्ण एका खास प्रकारचे होते. पेशी विभागताना डीएनएत ज्या चुका होतात त्या दुरुस्त करणारी यंत्रणा त्यांच्या गाठीत बंद पडलेली होती. अशा गाठीत चुका साचत जातात, ती शरीराच्या प्रतिकारशक्तीला परकी वाटते, आणि या औषधानं ती शक्ती मोकळी सुटते. गुदाशयाच्या कर्करोगात असे रुग्ण साधारण ५ ते १० टक्के. बाकीच्यांत या औषधाकडून तशी अपेक्षा ठेवता येत नाही. म्हणून बाबांना देण्याचं उत्तर त्यांच्या बायोप्सीत आहे. रिपोर्टवर एमएमआर किंवा एमएसआय (या दुरुस्तीच्या यंत्रणेच्या तपासणीची नावं) अशी ओळ आहे का, बघा.

शल्यकर्म | बुधवार, सकाळी ७.०५

ओळ नसेल तर नवी बायोप्सी लागत नाही. लॅबमध्ये बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये ठेवलेला असतो, त्यावरच त्या यंत्रणेतल्या चार प्रथिनांची तपासणी करतात: एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६, पीएमएस-२. काही दिवसांत कळतं. उद्याच्या उद्या डॉक्टरांना भेटा आणि तीन गोष्टी विचारा. ही तपासणी झालीय का? एमआरआयमध्ये गाठ किती खाली आहे आणि ऑपरेशनमध्ये जिथे कापायचं त्या कडेला टेकतेय का? रेडिएशन वगळता येण्यासारखी केस आहे का? शेवटचं अशासाठी की प्रॉस्पेक्ट ट्रायलमध्ये, ठरावीक रुग्णांत, आधी केमो देऊन गाठ आकसली तर रेडिएशन टाळलं. ५ वर्षांनी आजारमुक्त ८०.८ टक्के, रेडिएशनवाल्यांत ७८.६. पण गाठ फार खाली किंवा कडेला टेकलेली असेल तर तो अभ्यास बाबांना लागू नाही.

डॉक्टर रागावतील अशी भीती बाळगू नका. असे प्रश्न मला विचारले की मी रिपोर्ट दुसऱ्यांदा उघडतो, आणि ते चांगलंच असतं.

समिधा | बुधवार, दुपारी ३.२५

मी वेदनाशामक सेवा विभागात नर्स आहे, चौदा वर्षं. इथे सगळं बरं होण्याच्या आकड्यांवर चाललंय, ते योग्यच. पण ‘कमी’ हा शब्द सगळ्यात जास्त टोचतो तो आमच्या दारात आल्यावर. आमच्याकडे पाठवलं की घरच्यांना वाटतं, संपलं. म्हणून ते शेवटचा आठवडा उरला की येतात. श्वास लागलेला, दुखणं सहनशक्तीच्या पलीकडे. दोन महिने आधी आले असते तर त्यातलं कितीतरी टळलं असतं. एका आजोबांच्या मुलीनं मला विचारलं होतं, "तुमच्याबद्दल आम्हाला आधी कुणी सांगितलं का नाही?" मला उत्तर देता आलं नाही.

२०१० सालचा एक अभ्यास आहे. फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग, १५१ रुग्ण. अर्ध्यांना नेहमीचे उपचार, अर्ध्यांना तेच उपचार आणि निदानापासूनच आमच्यासारख्या विभागाची साथ. दुसऱ्या गटाचं मन जास्त स्थिर राहिलं, शेवटच्या दिवसांत आक्रमक उपचार कमी झाले, आणि तरी ते जास्त जगले: मध्यक (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो आकडा) ११.६ महिने, पहिल्या गटात ८.९. मी हा कागद लॅमिनेट करून टेबलावर ठेवलाय.

आणखी एक विनंती. ‘आजार इतके महिने थोपवला’ आणि ‘माणूस इतके महिने जास्त जगला’ या दोन आकड्यांत गल्लत करू नका. बेव्हॅसिझुमॅब हे गाठीचा रक्तपुरवठा रोखणारं औषध स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगात दिलं तेव्हा आजार वाढायला ५.९ ऐवजी ११.८ महिने लागले, पण आयुष्य वाढलं नाही. अमेरिकेत त्या आजारासाठीची २००८ची मंजुरी २०११ साली काढून घेतली. घरच्यांना नवं औषध सुचवलं जातं तेव्हा त्यांनी विचारावं, यानं बाबा जास्त जगतील, की त्यांना बरं वाटेल, की नुसता स्कॅन सुधारेल? तिन्हींसाठी वेगळा निर्णय होऊ शकतो.

निशिगंध | बुधवार, रात्री ८.१०

समिधा, हे वाचून शेजारच्या काकांना फोन केला. त्यांच्या सुनेला उद्या तुमच्यासारख्या विभागात घेऊन जातेय.

वेधशाळा | गुरुवार, सकाळी ८.४५

अवांतर होईल, पण डोसबद्दलही लिहायला हवं. फक्त आपल्याकडच्याच नव्हे, तर सगळ्या जगातल्या रुग्णांना उपयोगी पडेल असा एक अभ्यास टाटा मेमोरियलमध्ये झाला: डोक्या-मानेच्या बळावलेल्या कर्करोगात नेहमीच्या औषधांसोबत निव्होलुमॅब (प्रतिकारशक्ती मोकळी करणारं औषध) फक्त २० मिलिग्रॅम, दर ३ आठवड्यांनी. नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅम असतो. एका वर्षानं हयात असलेले १६.३ वरून ४३.४ टक्के. पूर्ण डोसशी तुलना त्यात नव्हती, हे खरं. पण केमोच्या काळातला ‘सोसेल तेवढा जास्त’ हा नियम या नव्या औषधांना तसाच लावायचा का, हा प्रश्न आता मोठ्यानं विचारला जातोय.

परतीचा_पाऊस | पुढचा मंगळवार, रात्री १०.२०

सगळ्यांनी विचारपूस केलीत म्हणून लिहितोय. गुरुवारी डॉक्टरांना भेटलो. एमएमआर तपासणी राहून गेली होती. त्यांनी तिथेच लॅबला फोन लावला, रेडिएशन एक दिवस पुढे ढकललं. काल रिपोर्ट आला. चारही प्रथिनं शाबूत आहेत, म्हणजे ते औषध बाबांसाठी नाही. एमआरआयही त्यांनी पडद्यावर लावून दाखवला. गाठ खाली आहे आणि कडेला टेकतेय, त्यामुळे रेडिएशन टाळता येणार नाही.

मी खचून गेलो होतो. बाबा मात्र शांत होते. त्यांनी विचारलं, "पुढे काय?" डॉक्टर म्हणाले, आधी रेडिएशन, मग केमो, मग पुन्हा तपासू. गाठ पूर्ण विरघळली तर लगेच ऑपरेशन न करता बारीक नजर ठेवण्याचाही मार्ग आहे. ओप्रा नावाच्या अभ्यासात या क्रमानं उपचार दिलेल्या ५३ टक्के लोकांना ३ वर्षांनीही गुदाशय काढावं लागलं नव्हतं. बाबांनी ५३ हा आकडा वर्तमानपत्राच्या कडेला लिहून ठेवलाय.

आज पहिलं रेडिएशन झालं. उद्या दुसरं.